गिऱ्हाइकाचा सोफा

१७ मे

चि. बाबू यास नानाचा आशीर्वाद.

पत्राला फार उशीर केला, त्याबद्दल राग धरू नकोस. उशीर किती झाला ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. ते लिहीत बसलो तर कागद त्यातच संपेल. तुझा जुना नंबर लावून पाहिला, तो आता कोणा बाईकडे गेला आहे आणि ती फार चिडते. मग आपल्याकडे फोम टाकायला येतो तो ट्रकवाला म्हणाला, की तू तिकडच्या गोदामात माल उतरवून घेतोस. त्यानेच हा पत्ता दिला. पत्र तुझ्या हातात पडेल की मुकादमाच्या खिशात जाईल, सांगता येत नाही. मुकादम हे वाचत असतील तर त्यांना विनंती, की बाबूला देऊन टाका. यात पैशांची मागणी नाही.

माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. दुपारी लिहितो आहे. सूनबाई दवाखान्याच्या धुलाईखात्यात पाळीवर आहे आणि मुंगी वाचनालयात गेली आहे. दोघींना या पत्राचं माहीत नाही.

मुंगीची शाळा संपली. तू गेलास तेव्हा ती दुसरीत होती. मी सोफ्याला कापड ठोकताना खाली पडलेले बारीक खिळे एकेक वेचून डबीत टाकायची, म्हणून तूच तिला मुंगी म्हणायला लागलास. आता तुझ्यासारखी उंच झाली आहे. स्वयंपाकघराच्या दारातून येताना वाकते. वाकायची गरज नसते, तरी वाकते.

तिला सरकारी विद्यापीठात जागा मिळाली आहे. कापडाचं शिक्षण आहे, धागा कसा होतो, वीण कशी बसते, रंग का टिकतो, असं सगळं. मी म्हटलं, "कापडाचं मी तुला घरबसल्या शिकवतो की." ती म्हणाली, "नाना, तुम्ही कापड ताणता. मला ते होतं कसं ते शिकायचंय."

अडचण एकच आहे. विद्यापीठ सरकारी आहे, पण ते सरकार दुसऱ्या राज्याचं आहे. आपल्या राज्यात या विषयाच्या जागा थोड्या, त्यात तिचा नंबर लागला नाही. तिथल्या राज्यातल्या मुलांची फी बेताची, बाहेरून आलेल्यांना तिप्पट, आणि वर वसतिगृह. मी म्हटलं, हा कसला न्याय, सूत बाहेरून आलेलं चालतं आणि पोरगी बाहेरून आलेली चालत नाही? मुंगी म्हणाली, "तिथले लोक त्यासाठी कर भरतात, नाना. आपण भरलाय का?" तिचं सगळं बरोबर असतं, त्यामुळे तिच्याशी भांडता येत नाही.

बाहेरच्या राज्यातल्या मुलांसाठी विद्यापीठाने मदतीच्या काही जागा ठेवल्या आहेत. थोड्याच आहेत. घरची परिस्थिती बघून देतात. मुंगीने अर्ज केला. त्यांच्याकडून घर बघायला एक बाई आल्या. चहा घेतला, चांगल्या बोलल्या. नंतर पत्र आलं, की मदत देता येत नाही. कारणं कचेरीची असतात, आपल्याला काय कळणार?

पण एक वाट आहे. वडिलांकडून एक कागद आला तर ते फेरविचार करतात. कागद साधा आहे. तू घरी काही पाठवत नाहीस, एवढंच तुझ्या हाताने लिहून खाली सही. मनाला लावून घेऊ नकोस. हे मी म्हणत नाही, कचेरी म्हणते. तीस जूनपर्यंत तो तिथे पोहोचायला हवा. नाही पोहोचला तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल. इकडे सूनबाईच्या खात्यातला सुपरवायझर म्हणाला आहे, की मुलीला एक जुलैपासून चादरी मोजायला पाठवा. काम वाईट आहे असं नाही. पण हे सांगताना सूनबाईने होकाराची मान हलवली, ती मला आवडली नाही.

एवढं कर.

तुझा
नाना

२९ मे

चि. बाबू यास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पत्र पोहोचलं नसेल असं एक मन म्हणतं, पोहोचलं असेल आणि तू रागावला असशील असं दुसरं म्हणतं. मी दोघांचं ऐकत बसतो आणि काम बिघडवतो. काल एका खुर्चीचं कापड उलटं ठोकलं.

मागच्या पत्रात कारणं कचेरीची असतात असं लिहिलं, ते पुरतं खरं नव्हतं. कारण आपल्याच घरातलं होतं.

दुकानाची जागा गेली हे तुला माहीत नसेल. मालकाला तिथे औषधांचं दुकान टाकायचं होतं. तेव्हापासून मी घरी, पुढच्या खोलीत काम करतो. गिऱ्हाइकांचा माल तिथेच येतो, तिथेच उघडतो, तिथेच भरतो. कोणी न्यायला उशीर केला तर महिनामहिना तिथेच राहतो. आमची तिघांची चाल त्याच्या कडेकडेने. तुला आपला नियम आठवत असेल. काम झालं की मालावर जुनी चादर टाकायची आणि त्यावर कोणी बसायचं नाही, घरच्याने नाही, पाहुण्याने नाही. लहानपणी तू वकिलाच्या दिवाणावर चढून उड्या मारल्यास तेव्हा तुझ्या आईने तुला काखेत धरून उतरवलं होतं. "दुसऱ्याचं आहे ते, आपण नुसते त्याचे डॉक्टर," असं ती म्हणायची.

बाई आल्या त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांचा सोफा तयार होता. डाळिंबी मखमल, पाठीला बटणं, हाताला गोल वळण. माझ्या हातून इतकं चांगलं काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. बाई जिना चढून आल्या, घामाघूम झालेल्या, एक पाय दुखत असावा. खोलीत बसायला माझं स्टूल, त्यावर सरस सांडलेला. त्या उभ्याच. मी चादर ओढून बाजूला टाकली आणि म्हटलं, "बसा."

त्या बसल्या. हात फिरवला. "छान आहे हो सोफा."

मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. डॉक्टरांचा आहे, माझी फक्त मजुरी आहे, असं म्हणायला काय जात होतं? पण कोणी आपल्या घरात असं टेकून बसलं, पाठ टेकून, "हुश्श" करून, असं किती दिवसांत झालं नव्हतं. शेजारी बँकेच्या साहेबांच्या दोन खुर्च्या होत्या, त्यांच्यावरचीही चादर मी काढली. बाई तर एकट्याच आल्या होत्या.

मुंगी स्वयंपाकघरातून बघत होती. परक्या माणसासमोर नानाला खोटं पाडायचं नाही, हे तिला आपणच शिकवलेलं. ती चहा करायला वळली.

परवा डॉक्टरांची माणसं सोफा न्यायला आली. सूनबाई घरी होती. दारात उभी राहून हमालांना म्हणाली, "जपून न्या हो. आमच्या घरची इस्टेट चाललीय." हमाल हसले. मी पण हसल्यासारखं केलं. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता पुढच्या पाहुण्याला कुठे बसवणार, मामंजी?"

तू कागद पाठव. माझ्यावर राग असेल तर तो वेगळ्या पाकिटात पाठव.

नाना

८ जून

चि. बाबू यास आशीर्वाद.

अजून काही नाही. पोस्टमन आता मला लांबूनच हात हलवून "नाही, नाही" करतो. मी खिडकीत नसलो तरी करत असेल.

मी अजून एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. ती न सांगता कागद येईल असं वाटलं होतं. पण शेजारचा घड्याळजी म्हणाला, "नाना, तुम्ही मुलाकडे विचित्र कागद मागता आणि कशासाठी ते सांगत नाही. मी असतो तरी दिला नसता." त्याचं बरोबर आहे. त्याच्या स्वतःच्या दुकानातली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात, पण हे त्याचं बरोबर आहे.

त्या दिवशी सोफ्यावर बसून बाईंनी घरात कोण कोण ते विचारलं. सूनबाईचा पगार लिहून घेतला. माझं काम विचारलं. मग म्हणाल्या, "मुलीचे वडील?"

"बाहेरगावी असतात."

"काही पाठवतात घरी?"

तेवढ्यात मुंगी चहाचा ट्रे घेऊन दारात आली. मी तिला बघितलं आणि म्हणालो, "पाठवतो ना. दर महिन्याला. न चुकता."

न चुकता हे मी का जोडलं? कोणी विचारलं नव्हतं. बाईंनी ते लिहून घेतलं, चहा प्यायल्या, गेल्या.

मुंगी ट्रे तसाच धरून उभी. म्हणाली, "नाना, बाबा पैसे पाठवतात?"

बाबू, ती चिडून विचारत नव्हती. मी बाईंना थाप मारली हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिला वाटलं, मी इतकी वर्षं तिच्यापासून लपवत होतो. तिचा चेहरा कसा झाला होता ते मला लिहिता येत नाही. पुढे म्हणते, "मग पत्रंही येत असतील. कुठे ठेवलीत?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "कप उचल आधी." आणि हातोडी घेऊन बसलो, तोंडात खिळे धरले. तोंडात खिळे असले की बोलावं लागत नाही.

दुपारभर ती घरात गाणं गुणगुणत होती. सगळे कप धुतले, आपण न वापरलेलेही. संध्याकाळी सूनबाई पाळीवरून आली, चप्पलही काढली नव्हती, तर मुंगी म्हणाली, "आई, तुलाही माहीत होतं?" मग सगळं उघडं पडलं. सूनबाई ओरडली नाही. पदराने हात पुसत राहिली, हात कोरडेच होते. मग मला म्हणाली, "मामंजी, तुम्ही पोरीला दुपारी बाप दिलात आणि संध्याकाळी परत घेतलात."

त्या दिवसापासून मुंगी माझ्याशी कामापुरतं बोलते. "नाना, जेवा." "नाना, सरका." असं.

नकाराच्या पत्रात दोनच ओळी होत्या. घरातील सामान सुस्थितीत. वडिलांकडून नियमित मदत. मुंगीने तिथल्या कचेरीला फोन केला, की आजोबांनी चुकीचं सांगितलं. तिकडचा माणूस म्हणाला, "आजोबा एकदा हो म्हणाले, आता नाही म्हणतात. आम्ही कुठलं धरायचं?" आईचं चालत नाही, ती घरचीच. वडिलांनीच लिहून द्यायला हवं.

म्हणजे मी ज्याची अब्रू राखायला खोटं बोललो, त्याच्याकडेच आता ती अब्रू मागतो आहे, कागदावर, सहीनिशी. माझी लाज तुझ्या गळ्यात बांधतो आहे, हे मला समजतं. पण पोरीचं वर्ष त्यात अडकलं आहे.

तू वाचतो आहेस ना?

नाना

१७ जून

बाबू,

हे काय केलंस?

मी कागद मागितला होता. काल पोस्टमन हात न हलवता थेट वर आला तेव्हा मला वाटलं, आला कागद. त्याने सही घेतली आणि पैसे मोजून दिले. सोबत चिठ्ठी नाही. मनीऑर्डरच्या पावतीवर मजकुराच्या जागी एकच शब्द, "मुंगीसाठी."

तुझी पत्रं पोहोचतात, वाचतोस, हे कळलं. त्याचं बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, पावती हातात घेऊन मी जरा वेळ नुसता बसलो होतो. पण बाबू, यातून वसतिगृहाचा एखादा महिना निघेल, फी नाही. आणि हे कुठून आणलेस? मुकादमाकडून उचल घेतलीस का? पोटाला चिमटा काढलास का? मी मागितले नव्हते. पहिल्याच पत्रात मुकादमांना सुद्धा लिहिलं होतं, की मागणी नाही.

आणि आता तो कागद तू कसा लिहिणार? "मी काही पाठवत नाही" असं म्हणायला जागा राहिली का? मी खोटं सांगितलं ते तू खरं करायला गेलास, आणि तेही एका महिन्यापुरतं. तू माझाच मुलगा आहेस. पाहुणा दारात उभा दिसला आणि तूही चादर ओढलीस.

घड्याळजी म्हणाला, "नाना, परत पाठवून द्या. आलेच नव्हते म्हणा. कोण बघतंय?" मला ते पटत आलं होतं. सूनबाईने नोटांना हात लावला नाही. लांबूनच म्हणाली, "त्यांना विचारा, हे मागच्या वर्षांचे आहेत का पुढच्या?" आणि पीठ मळायला बसली. मळून झालं तरी मळतच होती.

मुंगीने पावती घेतली, खिडकीशी नेऊन बघितली. बराच वेळ. म्हणाली, "अक्षर असं आहे होय त्यांचं." तो शब्द तूच लिहिलास ना रे? पोस्टातल्या कारकुनाने लिहिला असेल तर मला कळवू नकोस.

मग तिने खिळ्यांची ती जुनी डबी रिकामी केली, पैसे त्यात घातले आणि मला म्हणाली, "नाना, हे लपवायचं नाही. आणि हे आले म्हणून नाचायचंही नाही." इतक्या दिवसांनी ती माझ्याशी एवढं बोलली.

मी तुला लिहितो आहे हे तिला घड्याळजीकडून कळलं, तेव्हाच तिने स्वतः कचेरीला लिहिलं होतं, की घर परत येऊन बघा, वडिलांचा कागद मागाहून येईल. त्यांनी मानलं. चोवीस तारखेला त्याच बाई परत येणार आहेत. त्या विचारतील आणि मी पुन्हा काहीतरी बोलून बसेन, अशी धास्ती आहे. सूनबाई म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही घड्याळजीकडे जाऊन बसा." मुंगी म्हणाली, "नाही. नानांनी इथेच बसायचं."

तू काहीतरी लिही. पैसे नकोत. शब्द पाठव.

नाना

२५ जून

चि. बाबू यास आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. ट्रकवाला आज दुपारी निघतो आहे, त्याच्या हाती देतो. परवा तो तुमच्या गोदामाशी माल भरायला उभा राहील आणि भरून झाला की परत फिरेल. पत्र तो तुझ्याच हातात देईल, मुकादमाच्या नाही, तसं त्याला बजावलं आहे. तो भरपूर बडबडतो, पण पत्र हरवणारा नाही.

काल बाई आल्या. पुढच्या खोलीत शाळेच्या मुख्याध्यापकांचा सोफा आहे, काम झालेला, चादर टाकलेला. मी मुद्दाम एका खुर्चीची बैठक ठोकत बसलो होतो, तोंडात खिळे धरून. म्हणजे विचारलं तर मान हलवायची, एवढंच.

बाई दम खात आत आल्या. पाय अजून दुखत होता. खोलीत बघितलं आणि सवयीने सोफ्याकडे वळल्या, एक हात चादरीवर ठेवला सुद्धा. मी खिळे हातावर थुंकले.

"बाई, त्यावर नको. गिऱ्हाइकाचा आहे."

त्या थांबल्या. मी म्हणालो, "मागचाही गिऱ्हाइकाचाच होता. त्या खुर्च्याही. आमच्यात मालावर कोणी बसत नाही. मी तुम्हाला बसवलं."

"मग आता कुठे बसू?"

मी स्टूल पुढे केलं, त्यात हातातले खिळे खाली सांडले. सरस खरवडून ठेवला होता. त्याचा एक पाय आखूड आहे, त्या बसल्या तशा डुगडुगल्या. भिंत धरून म्हणाल्या, "आजोबा, या घरात तुमचं स्वतःचं आहे तरी काय?"

"हे स्टूल. हत्यारं. आणि या दोघी."

सूनबाई दारातून म्हणाली, "मला त्यात धरू नका. मी पगारावर आहे." बाईंना हसू आलं. मुंगीलाही आलं, पण तिने ते गिळलं.

मग त्या प्रश्नावर आल्या. "वडील पाठवतात की नाही? या वेळी नक्की सांगा."

मी तोंड उघडलं, तर मुंगीने डबी आणून बाईंच्या समोर ठेवली आणि उघडली. म्हणाली, "एकदा आले, मागच्या आठवड्यात. हे सगळे इथेच आहेत. त्याआधी, बाबा गेल्यापासून, कधीच नाहीत."

"आणि पुढे?"

"ते त्यांनाच माहीत."

बाईंनी डबीकडे बघितलं. पैसे मोजले नाहीत. मला म्हणाल्या, "आजोबा, मागच्या वेळी असं का सांगितलंत? तुमचंच नुकसान केलंत."

मी म्हणालो, "तुम्ही पाहुण्या होतात."

"एवढंच?"

मुंगी तिथेच उभी होती. तरी बोललो. म्हणालो, "पोरगी चहा घेऊन दारात आली होती. तुझा बाप काही पाठवत नाही, हे तिच्या कानावर माझ्या तोंडून कसं घालू?"

मुंगी खाली वाकली आणि मी थुंकलेले खिळे जमिनीवर सांडले होते ते वेचायला लागली. एकेक. सगळे वेचून माझ्या हातावर ठेवले. म्हणाली, "मला माहीतच होतं, नाना. मला फक्त त्या दिवशी दुपारभर विसरायला झालं."

बाबू, एवढं तुला लिहिलं म्हणून ती रागावेल. तिने मला सांगितलं आहे, की लिहा, पण माझ्या वतीने विनवण्या करू नका. म्हणून तिच्या वतीने करत नाही. माझ्या वतीने करतो.

बाईंनी जाताना नीट समजावून सांगितलं. घराचं त्या दुरुस्त करून लिहितील, ते झालं. वडिलांचं मात्र वडिलांनीच लिहायला हवं. तू पुढे पाठवणार असशील तर तसं लिही, मग ते त्याप्रमाणे थोडी कमी मदत देतील. पाठवणार नसशील तर तसं लिही, मग पुरी देतील. मी विचारलं, "आणि त्याने काहीच लिहिलं नाही तर?" त्या म्हणाल्या, "हो म्हटलं तर आमच्याकडे सोय आहे, नाही म्हटलं तरी आहे. गप्प बसण्याची सोय नाही. मग पहिलंच धरलं जाईल, दर महिन्याला, न चुकता."

माझेच शब्द. बाईंनी मुद्दाम टोचायला म्हटलं नाही, पण मला लागायचे ते लागले.

तेव्हा आता मी काय मागतो ते नीट वाच. मी इतकी वर्षं रोज तुझ्याकडून एक "हो" ऐकायची वाट बघितली. आता म्हणतो, नसेल जमत तर "नाही" लिही. मला वाईट वाटेल म्हणून "हो" लिहू नकोस. सूनबाई काय म्हणेल म्हणून लिहू नकोस. तू "हो" लिहिलंस आणि दोन महिन्यांनी थांबलास, तर पोरगी तिकडे परक्या राज्यात अर्ध्या फीत अडकेल, ना इकडची ना तिकडची. "नाही" लिहिलंस तर ती शिकेल. आणि खरंच "हो" असेल, तर मग त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पण ते न चुकता असू दे. या वेळी माझी अब्रू सांभाळू नकोस. तिची सांभाळ.

ट्रकवाल्यासोबत कोरा कागद, पेन आणि पत्ता घातलेलं पाकीट दिलं आहे. पाकिटावरचं अक्षर मुंगीचं आहे. तो माल भरेपर्यंत तुझ्यासमोर उभा असेल. तेवढ्यात लिही. तो एकोणतीसला इथे येतो, त्या दिवशीच मुंगी कागद घेऊन कुरियरच्या दुकानात जाईल, ते दुसऱ्या दिवशी पोहोचवतो म्हणाले आहेत. एक दिवस इकडे तिकडे झाला तर संपलं. मी ट्रकवाल्याला तीनदा विचारलं, टायर नीट आहेत ना. तो म्हणाला, "नाना, टायरचं मी बघतो, तुम्ही मुलाचं बघा."

अजून एक. बाई गेल्यावर सूनबाई म्हणाली, घरात बसायची एक तरी वस्तू आपली असू दे. डॉक्टरांच्या मखमलीचे तुकडे उरले होते, आणि मोडक्या खुर्च्यांचं लाकूड पडलेलंच असतं. म्हणून एक खुर्ची करायला घेतली आहे. स्वतःसाठी असं पहिल्यांदाच करतो आहे, म्हणून असेल, हात सारखा चुकतो. चादर टाकणार नाही त्यावर. तू आलास तर तू बसशील, नाही आलास तर आम्ही बसू.

पण आधी कागद. खुर्ची थांबेल. हो का नाही, जे खरं असेल ते एका ओळीत कळव, पण लवकर कळव.

वाट बघणारा
नाना